वाघ पाठमोरा बसला तेव्हा

दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मी रविवारी मराठी मुलांना गोष्टी सांगते. सांगते कसली, गर्जते. माझ्या वाघानं डरकाळी फोडली की पलीकडच्या विमानतळावर विमानं उतरायची थांबतात, असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलंय आणि अजून कुणी खोडून काढलेलं नाही. मुलं दिल्लीत वाढलेली, निम्मे मराठी शब्द त्यांच्या डोक्यावरून जातात. म्हणून शब्द कमी आणि हातवारे फार, असा माझा कारभार.

पहिल्या रांगेत चार वर्षांची एक मुलगी बसायची. वडील फौजेत, सीमेवर. आई तिला छावणीतल्या क्वार्टरमधून रिक्षानं घेऊन यायची. मुलगी बोलायची नाही, पण माझ्या तोंडाकडे अशी टक लावून बघायची की एवढं मन लावून ऐकणारं माणूस मला लग्न करूनही मिळालेलं नव्हतं. ती बोलत का नाही, याचं उत्तर सगळ्यांकडे तयार होतं. घरात मराठी, बाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी, पोर गोंधळलंय. इथल्या मराठी घरांत मूल उशिरा बोलायला लागलं की हेच म्हणतात. मीही मान डोलावत असे.

एका रविवारी गोष्टीतला वाघ रुसला. मी ओढणीची शेपटी लावून मुलांकडे पाठ करून बसले आणि अशी डरकाळी फोडली की खालचा वॉचमन काठी घेऊन वर आला. मुलं किंचाळत सुटली. समोर भिंतीवर झुंबा करणाऱ्यांचा मोठा आरसा आहे. त्यात दिसलं, ती मुलगी शांतपणे फ्रॉकच्या बटणाशी खेळतेय. मला आधी अपमानच वाटला. पुन्हा डरकाळी फोडली. बटणच. मी वळले, तिला माझं तोंड दिसलं, आणि ती गोड हसली.

त्यानंतर माझं डोकं चालेना. बोलावं की नाही? मी कोण सांगणारी? माझी एक मैत्रीण नोएडात ऐकू न येणाऱ्या मुलांसोबत काम करते, तिला फोन लावला. ती म्हणाली, तू डॉक्टर नाहीस, निदान करू नकोस. जे पाहिलंस तेवढंच सांग, कान तपासून घेऊ म्हण, आणि मग गप्प बस. गप्प किती वेळ, असं मी विचारलं, तर ती हसतच सुटली.

मुलीच्या क्वार्टरमध्ये गेले तर तिच्या आईनं पोहे केलेले. मी सरळ विषयाला हात घालायचं सोडून आमच्या एका काकांनी म्हणे रानडुकराला सायकलवरून डबलसीट नेलं, ती हकिकत सुरू केली. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. ती जितकी हसत होती तितकं मला अवघड होत गेलं. मुलगी आमच्याकडे पाठ करून वाट्या मांडत बसली होती. आईनं हाक मारली, "बेटा, इधर आओ." मुलगी हलली नाही.

"बघा ना काकू, नुसती हट्टी. बापावर गेलीय."

"हट्टी नाही गं ती," मी म्हटलं. "माझं तोंड दिसत असलं की हसते. मी पाठ फिरवली की वाघ ओरडला तरी तिला पत्ता नसतो. एकदा तिचे कान तपासून घेऊ या. मी येते बरोबर."

मला वाटलं, आता रडेल. ती उठली आणि माझ्या ताटलीत आणखी पोहे वाढले. हिला कळलं नाही का? की कळलं आणि राग आला? माझ्या घशापर्यंत 'काळजी करू नकोस'ची अख्खी पलटण चालून आली होती. ती अडवायला मी पोह्यांचा बकाणा भरला. मग दुसरा. त्या दुपारी मी खाल्ले तेवढे पोहे एखाद्या रेजिमेंटलाही झेपले नसते.

शेवटी ती म्हणाली, "सगळे म्हणाले, एकच भाषा ठेव. म्हणून वर्षभर मी तिच्याशी हिंदीच बोलते. मला येते किती? उठो, बैठो, खाना खाओ." मग वाट्यांकडे बघत म्हणाली, "तिला ऐकूच येत नसेल तर काकू, मी माझं बोलणं कशासाठी बंद केलं?"

माझ्या तोंडात पोहे होते. ते गप्प बसणं तिच्या उपयोगी पडलं की नुसतंच माझं तोंड भरलेलं होतं, कोण जाणे.

"यांना फोनवर तुम्ही सांगाल?" तिनं विचारलं. मी होकाराची मान हलवली. लगेच ती म्हणाली, "नको, मीच सांगते. तुम्ही त्यात वाघ घालाल."

बुधवारी जायचं ठरलं. मग ती मुलीच्या समोर जाऊन फरशीवर बसली, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि मराठीत सुरू झाली. बुधवारी कुठं जायचं, रिक्षातून काय काय दिसेल, काकूपण येणार, तिथं कानात काय घालतील, घाबरायचं नाही. एका दमात, वर्षभराचं साठलेलं. मुलगी तिच्या ओठांकडे बघत होती. थोड्या वेळानं तिचे खांदे हसल्यासारखे हलले.

तिला किती कळलं, मला सांगता येणार नाही. मी मुलीच्या अगदी पाठीमागे बसले होते आणि माझे गाल अजून फुगलेले होते. पण आईचे ओठ सोडून तिनं माझ्याकडे वळून पाहिलं नाही, एवढं खरं.