दुध्याचा एमआरआय

आमच्या रबाळ्याच्या वर्कशॉपमधले जुने लोक भेटले, की चहा निवतो पण किस्से संपत नाहीत. एक निघाला की त्याला चिकटून दुसरा येतोच!

नव्वदच्या दशकात आम्ही ऑपरेशन करून मणक्याच्या आधाराला आत बसवायच्या धातूच्या पट्ट्या बनवायचो. स्टीलच्या पट्टीची कटकट अशी, की एमआरआयच्या फोटोत तिच्याभोवती काळा डाग यायचा. डॉक्टरला नेमकं जे बघायचं असायचं, तेच झाकलं जायचं. म्हणून आमच्या करमरकर सरांनी चुंबकाला न चिकटणाऱ्या टायटॅनियमचा ध्यास घेतला होता.

*

सरांच्या खिशात कायम एक लोहचुंबक. धातू दिसला की लाव! लेथवरच्या कदमच्या लग्नात ते आहेराच्या भांड्यांनाही लावून बघायला लागले. कदमचे सासरे घाबरून माझ्या कानाशी आले. "जावयाचे साहेब माल परत पाठवतात की काय?"

*

टायटॅनियमचा बारीक कीस पेट घेतो. एकदा लेथखाली भडकलाच! वॉचमन पाण्याची बादली घेऊन धावला, तर कदम ओरडला, "पाणी नको, वाळू टाक!" आग विझली. आम्ही सगळे घामाघूम, आणि सर खूश! "म्हणजे सप्लायरने माल असली दिलाय!"

*

आता पहिली पट्टी तपासायची कशात? सर म्हणाले, "एमआरआयला पाणी दिसतं. दुधी आणा!"

दोन दुधी आणले. एकात स्टीलची पट्टी खोचली, दुसऱ्यात आमची. एमआरआय सेंटरवरच्या टेक्निशियनने सवयीने विचारलं, "पेशंटचं वय?"

कदम म्हणाला, "कालच आणलाय, एकदम कोवळा हाय!"

फोटो आले. स्टीलवाल्या दुध्यात मधोमध काळा खड्डा. आमच्या दुध्यात पट्टीजवळच्या बियासुद्धा दिसत होत्या! दुसऱ्या दिवशी त्याच दुध्याची भाजी कदमच्या डब्यात. सरांनी भाजीला चुंबक लावला आणि मगच घास घेतला.

*

पुढे सगळ्या चाचण्या, परवानग्या झाल्या आणि दिघ्याच्या पाटीलकाकूंना आमची पट्टी बसली. त्यांच्या मणक्याजवळची गाठ काढली होती. ती परत आलीय का, हे वर्षभराने बघायचं होतं. सरांना चैन पडेना, म्हणून आम्हीही सेंटरवर गेलो.

आत जाताना अंगावरचा सगळा धातू बाहेर ठेवायचा नियम. काकूंनी मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी एकेक करून ट्रेमध्ये ठेवली. सरांनाही दारातच चुंबक काढून द्यावा लागला!

बऱ्याच वेळाने डॉक्टर फोटो घेऊन आले. "पट्टीच्या शेजारचं सगळं दिसतंय. गाठ नाही."

सरांनी फोटो हातात घेऊन उजेडासमोर धरला.

काकू शांतपणे जोडवी घालत होत्या. "मालकानी दिलेलं, आयनी दिलेलं, सगलं बायेर ठिवलं, सर," त्या म्हणाल्या, "तुमी दिलेलं तेवढंच माज्यासंगती आत आलं!"