काडतुसांना दाखवलेलं ऊन

प्रतापनगरातल्या आमच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे की तिसऱ्या मजल्यावरच्या बाईकडे रायफल आहे. त्यामुळे पार्किंगवरून माझ्याशी कोणी भांडत नाही. रायफल वडिलांची, थ्री-फिफ्टीन. धाकटा भाऊ तिला हात लावायलाही घाबरायचा आणि मी एनसीसीत कागदी निशाणांची चाळण करायचे, म्हणून ते गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला. आयुष्यभर मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतल्या आणि सुट्टीच्या दिवशी रेंजवर जाऊन कागद मारले. जिवंत काही मारलं नव्हतं आणि तशी हौसही नव्हती.

वडिलांनी मारलं होतं, शिकारबंदी येण्याआधी. त्यांना बंदुकीपेक्षा काडतुसांचं वेड जास्त. मुलीला स्थळ बघावं तसं ते प्रत्येक जनावराला काडतूस बघायचे. चितळाचं अंग नाजूक, त्याला मऊ टोकाची गोळी. रोही, म्हणजे नीलगाय, थोराड, पण त्यालाही मऊच, फक्त नेम खांद्यामागे. रानडुकराच्या खांद्यावर कातड्याखाली जाड ढाल असते, तिथे लोक ठोस गोळी घ्यायचे आणि वडील त्यांच्यावर चिडायचे. एकदा त्यांनी ओल्या गोणपाटांची चळत रचून मला फरक दाखवला होता. मऊ गोळी आत जाऊन फुलली आणि तिथेच अडकली. ठोस गोळी सगळी गोणपाटं ओलांडून मागच्या मातीत गेली, ती सापडलीच नाही. "गोळी जनावरात थांबली पायजे," ते म्हणाले. "पलीकडं निंगाली का मंग ते आपली रायत नाही."

भावाचं शेत रामटेकच्या पुढे आहे, सगळं धान. तो आणि भावजय तिथेच राहतात. जंगल जवळ, त्यामुळे रोही आणि डुकरं यायचीच, पण आता डुकरांचे कळपच्या कळप येतात. खातात त्याच्या दसपट तुडवतात. मागच्या वर्षी भाऊ डबा बडवत त्यांना हाकलायला गेला तेव्हा एका डुकराने त्याची मांडी फाडली. तेव्हापासून तो पाय ओढत चालतो, आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात तार आहे.

तार म्हणजे शेताभोवती उघडी तार ओढायची आणि पाण्याच्या मोटारीच्या खटक्यावरून तिच्यात करंट सोडायचा. डुक्कर मरतं. माणूसही मरतं. शेजारच्या गावात सकाळी डबा घेऊन शेताकडे गेलेला एक माणूस अशाच तारेला चिकटून गेला, आणि तार लावणारा अजून तुरुंगात आहे. भावाला हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी दिवाळीच्या सुमारास त्याने तारेची गुंडाळी आणून मोटारघरात ठेवली. भावजयीने फोन करून मला तेवढं सांगितलं आणि नुसती रडत राहिली.

मी त्याला म्हटलं, थांब. डुकरं मारायची परवानगी मिळते, रीतसर मिळते, मी आणते. आणली. रायफल परवान्यासकट गाडीत घातली आणि वडिलांची शेवटची मऊ टोकाची काडतुसं बरोबर घेतली. ती फार जुनी होती, पण नागपूरच्या दुकानात मऊ गोळी कित्येक दिवस आली नव्हती. परवानगीला मुदत होती. मुदतीत डुकरं पडली तर भाऊ तार लावणार नाही, असं त्याने माझ्या पायावर हात ठेवून कबूल केलं.

पहिल्याच दिवशी मी हद्दीतल्या वनरक्षकाला कागद दाखवायला रामटेकला गेले. परत आले तर गोठ्याच्या पत्र्यावर सुपात लाल मिरच्या, आणि मिरच्यांशेजारी दुसऱ्या सुपात माझी काडतुसं. सकाळपासून उन्हात. भाऊ खाली उभा राहून कौतुकाने बघत होता. वडील दर पावसाळ्यानंतर काडतुसं वाळवायचे ते त्याला आठवत होतं. आठवण खरी होती. पण ती बाराबोअरची कागदी काडतुसं होती, दमट हवेने फुगायची, म्हणून त्यांना ऊन दाखवायचे. ही पितळेची. यांच्या आत दमट हवा जात नाही आणि तापलेल्या पत्र्यावर ठेवून यांचं भलं होत नाही. मी इतकी भडकले की भावजय मिरच्यांचं सूपही उचलून आत गेली. मग त्याचा चेहरा पाहिला आणि सूप खाली घेऊन काडतुसं पुसायला लागले. बिचाऱ्याने चांगल्याच मनाने केलं होतं. रायफलला हात लावायला घाबरणारा माणूस तेवढंच करू शकत होता.

दुसऱ्या दिवशी फटफटताना कळप आला. मी राखणीच्या माळ्यावर, भाऊ शेजारी. पुढचं डुक्कर बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, कडेला आडवं उभं राहिलं, मागे नुसता मातीचा उंच धुरा, शेताचा बांध. वडिलांनीसुद्धा यापेक्षा चांगली जागा मागितली नसती. मी श्वास रोखला आणि घोडा ओढला. टक्. एवढाच आवाज. डुकराने मान वर केली आणि कळप धानातून सरळ उभा निघून गेला. दुसरं काडतूस भरेपर्यंत फक्त हलणाऱ्या लोंब्या दिसत होत्या. नंतर धुऱ्यावर झाडून पाहिलं तर उरलेल्यांतली काही वाजली, काही नाही. दोष उन्हाचा की वयाचा, हे मी आजही सांगू शकत नाही. पण ज्या काडतुसाचा भरवसा नाही ते घेऊन जखमी डुकरामागे धानात शिरायची माझी छाती नव्हती.

मी नागपूरला परतले. दुकानदार ओळखीचा. त्याने हात वर केले, सॉफ्ट नाही, हार्ड आहे, घ्यायचं तर घ्या. मी वाट बघते म्हणाले. मऊ गोळीच हवी यावर मी अडून बसले, रोज फोन करत राहिले, आणि तिकडे रोज धान जात राहिलं. भाऊ फोनवर आधी हिशोबाने बोलायचा, मग चिडून, मग बोलेनासा झाला. भावजय सांगायची, तो जेवत नाही, सारखा मोटारघरात जाऊन बसतो. मला रात्री झोप लागेना. डोळे मिटले की धुऱ्यावरून कोणीतरी डबा घेऊन चाललेलं दिसायचं. मुदतीचा शेवटचा दिवस उद्यावर आला तेव्हा मी दुकानात गेले आणि ठोस काडतुसं घेऊन आले. घेताना वडिलांची लाज वाटली, पण दुसरं काय करणार होते?

शेवटच्या दिवशी कळप आला तेव्हा उजाडलं होतं. या वेळी तो मधल्या बांधीत होता आणि मागे धुरा नव्हता, सपाट शेतं होती. मी नेम धरला. डुक्कर स्वच्छ दिसत होतं. त्याच्या मागे, लांब, धुक्यात काहीतरी रंगीत हललं. शेजारच्या शेतात कापणीला आलेल्या बाया होत्या, हातात विळे घेऊन एकामागे एक चाललेल्या.

"मार ना वं ताई," भाऊ कानाशी म्हणाला. "काहून थांबली?"

"मागं बाया हायेत."

"बाया दूर हायेत."

लांब होत्या, हे खरं. थ्री-फिफ्टीनच्या गोळीला ते लांब नसतं. मी बोट काढलं. मऊ गोळी असती तर झाडली असती का? बहुतेक तीही नसती झाडली, नेम चुकला तर मऊ गोळीही पुढे जातेच. पण भावाला हे कसं सांगायचं? त्याने काही ऐकलं नसतं. तो बघत होता आणि त्याच्या डोळ्यांसमोर कळप सावकाश, मजेत, उरलेली बांधी लोळवत होता. बाया जवळ आल्या, त्यांच्या बोलण्याने डुकरं पांगली. बायांतली एक आमच्याकडे बघून हसली आणि हात हलवून पुढे गेली.

भाऊ माळ्यावरून उतरला. दिवसभर तो तार ओढत होता, मी त्याच्यामागे फिरत होते. समजावलं, शिव्या दिल्या, पाया पडले. मोठी बहीण असून त्याच्या पाया पडले. तुरुंगाचं सांगितलं, त्या माणसाचं सांगितलं, पुन्हा अर्ज करू म्हटलं. तो एकदाच बोलला. "तुह्या कायद्यानं धान वाचत नाही वं." बाकी वेळ तो खुंट्या ठोकत होता आणि पाय ओढत पुढे सरकत होता. भावजय स्वयंपाकघरात दार लावून बसली होती. मी ठोस काडतुसं पर्समध्ये घालून तिथेच उभी, आणि मला स्वतःचा असा राग येत होता की दातओठ खावे.

दिवेलागणीला तार मोटारघरापर्यंत आली. त्याने टोक आत घेऊन मोटारीच्या पेटीला जोडलं. शेजारच्या शेतातून त्याच बाया परत निघाल्या होत्या. त्यांची वाट आमच्याच धुऱ्यावरून जाते. त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. मी ओरडून सांगितलं, थांबा, इकडून येऊ नका. वारा उलटा होता, त्या येतच राहिल्या. भावाला मी म्हटलं, त्या येऊन राहिल्या, निदान त्या जाईपर्यंत थांब. तो म्हणाला, रोजच कोणी ना कोणी येतं.

मोटारघराच्या दाराशी तार कमरेच्या उंचीवर होती. मी चपला काढल्या, ओल्या मातीत उभी राहिले आणि ती दोन्ही हातांनी धरली.

"टाक आता खटका," मी म्हणाले.

"सोड वं ताई."

"टाक ना गा."

त्याचा हात खटक्यावर होता. आत अंधार झाला होता, चेहरा नीट दिसत नव्हता. मी तार आणखी घट्ट धरली आणि त्याच्याकडे बघत राहिले. हा माझा सख्खा भाऊ, आणि तो काय करेल हे मला खरोखर ठाऊक नव्हतं.