केबल टेबलावरच होती

मी फिजिक्सवाली. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात आधी फिस्सकन हसणारी मीच! त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण घडलं ते घडलं.

२००९ साल, जर्मनीतलं कार्ल्सरूहे. युनिव्हर्सिटीच्या तळघरातल्या लॅबमध्ये मी काचेचा एक सूक्ष्म कण लेझरच्या प्रकाशात अधांतरी धरून ठेवायचे. तो सारखा थरथरतो. थरथर मोजायची आणि लगेच उलट दिशेने हलकासा दाब द्यायचा, की तो शांत होतो — आमच्या भाषेत थंड होतो. ती थरथर आम्ही स्पीकरवर ऐकायचो, नुसती खरखर. त्या सकाळी प्रोफेसर बघायला येणार होते. कण थंड झाला तर माझा फरट्राग, म्हणजे नोकरीचा करार, वाढणार. नाहीतर बाडबिस्तरा गुंडाळून परत पुणं.

सासूबाई पुण्याहून आल्या होत्या आणि नवरा कामासाठी हॅम्बर्गला. त्यांना घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून लॅबमध्येच घेऊन आले. साडीवर स्वेटर, चष्म्यावर लेझरचा गॉगल... मला हसू आवरत नव्हतं.

कण पकडला, पण खरखर कमीच होईना. जिन्यात प्रोफेसरांची पावलं वाजली. माझे हात कापायला लागले. तेवढ्यात सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि कण असलेल्या काचेच्या भांड्याकडे बघत, तान्ह्या बाळाला म्हणावं तसं म्हणाल्या, "उगी... उगी हं... काही होत नाही."

खरखर थांबली!

प्रोफेसर आत आले, स्क्रीनवरची थरथरीची रेघ सपाट झालेली बघून खूश झाले. "गेनाऊ! असंच हवं होतं!"

माझा सहकारी थॉमस मात्र टेबलाकडे बघत होता. "आल्झो, म्हणजे... मेधा, ही केबल?"

कणाला दाब देणारी केबल. कण पकडताना ती काढून ठेवतात, मग परत लावतात. मी लावलीच नव्हती! प्रोफेसरांचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी केबल लावून प्रयोग नीट झाला, फरट्रागही वाढला. पण केबलशिवाय? आम्ही सगळं तपासलं, कितीदा करून पाहिलं... छे. शेवटी सासूबाईंना परत घेऊन आले. "आई, त्या दिवशीसारखं म्हणा ना त्याला."

त्या बिचाऱ्या म्हणाल्या. खरखर चालूच.

"अगं, त्याला कुठे म्हणत होते मी?" त्या म्हणाल्या. "तुझे हात बघवेनात मला. तुला म्हणत होते."

मी हादरलेच. कारण तेव्हा आठवलं — खरखर थांबली तेव्हा माझे हातही कापायचे थांबले होते. आधी कोण शांत झालं, कण की मी, ते मला आजही सांगता येत नाही.