आदला दिवस

“याच्यातबी आदला दिवस नाही,” असं म्हणत बाई पुस्तक माझ्या टेबलावर ठेवायच्या.

दिग्रसच्या कॉलेजात त्या इतिहास शिकवायच्या. मी ग्रंथालयात होतो. स्पेन, लेबनॉन, रवांडा, जिथं जिथं एकाच देशातली माणसं एकमेकांवर उठली, त्या सगळ्या यादवींवरची पुस्तकं त्या मागवून घेत. एकच गोष्ट आयुष्यभर शोधणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. किती मेले, कोण जिंकलं, याच्याशी बाईंना घेणंदेणं नसे. भडका उडायच्या आदल्या दिवशी शेजारी एकमेकांशी काय बोलले, एवढंच त्यांना हवं असे. आम्ही माघारी हसायचो. एकदा मी गमतीनंच विचारलं, की त्या आदल्या दिवसाचं एवढं काय?

चष्मा पुसत त्यांनी सांगितलं. त्यांच्या लहानपणी सरपंचाच्या निवडणुकीवरून त्यांच्या बंजारा तांड्यात दोन तट पडले. सख्ख्या काकानं त्यांचं घर पेटवलं. धाकटी बहीण आत झोपली होती.

“काका वाईट नव्हता, भाऊ,” त्या म्हणाल्या. “मले खांद्यावर बसवून बाजारात न्यायचा. मंग त्यानं काडी कशी लावली, हे मले कोन्याच पुस्तकात सापडून नाही राह्यलं.”

मी पुन्हा कधी हसलो नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी मला तांड्यावर न्यायला सांगितलं. मी त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून नेलं. शिक्षा भोगून आलेला काका आता आंधळा झाला होता. अंगणात बाजेवर बसल्या बसल्या त्यानं आवाजावरून त्यांना ओळखलं. दोघं बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलले, हळू, बराच वेळ. मला फारसं कळलं नाही.

परतताना कपाशीच्या एका वावराजवळ त्यांनी गाडी थांबवायला लावली.

“आदल्या दिवशी त्यानं अन् माह्या बापानं मिळून आमच्या घराचं छप्पर शाकारलं होतं,” त्या म्हणाल्या. “संग जेवलेबी.”

त्यानंतर बाईंनी ग्रंथालयातून एकही पुस्तक नेलं नाही.

गेल्या श्रावणात त्या गेल्या. घरात तांड्यावरची आणि कॉलेजची माणसं दाटली होती. नातीचा हात धरून काका आला आणि फाटकाबाहेर थांबला. चपला काढून त्यानं हातात घेतल्या होत्या. आत या, असं त्याला कोणीच म्हणालं नाही. मी खिडकीशी उभा होतो. मला तो दिसत होता. मीही म्हणालो नाही.