हिरवा नको, चमकीच्या भर

"सैल सोड गो हात, मी काय तोडून नेतेय?" असं म्हणत ती पाची बोटं एकत्र दाबायची आणि बाई ओरडायच्या आत बांगडी मनगटावर! मुरबाड-शहापूरकडच्या गावांत राहिला असाल, तर आमच्या कासारणीचा आवाज तुम्ही ऐकलाच असेल. नसेल, तर मी काढून दाखवतो. तिच्यासमोरही काढायचो. ती चिडायची नाही, चुका सांगायची. "मेल्या, जरा नाकातनं बोल. मला बारमाही पडसं असतं."

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा हिवाळा. मुरबाडला शाळेत सभा झाली, वेश्यांना सरकारनं परवाने द्यावेत का म्हणून. वकील म्हणाले, परवाना दिला की डॉक्टर येईल, हवालदाराचा जाच थांबेल. हेडमास्तर म्हणाले, मग तर पोरी पळवणाऱ्यांचं फावलंच! दुसऱ्या दिवशी कासारणीच्या ओट्यावर मी दोघांच्या नकला केल्या. वकिलांचं खाकरणं, मास्तरांचं टेबल बडवणं. बायका हसून लोळल्या. ती हसली नाही. काचेचा माल आणायला ती मुंबईला जायची, तेव्हा तसल्या गल्लीतल्या बायकांचेही हात भरायची.

"वकील खरं बोलला," ती म्हणाली. "हवालदार लय छळतो त्यांना."

"म्हणजे मास्तर खोटे?"

"तो पन खरंच बोलला. आता गप बस."

त्याच हिवाळ्यात म्हसा गावच्या जत्रेत तिच्या पालात एक बाई आली. बरोबर डोंगरातली पोर. "माझी भाची. लगीन ठरलंय मुंबईला, गिरणीवाला हाय. भरा हात."

कासारणीनं हिरवा चुडा काढला.

"हिरवा नको, चमकीच्या भर," बाई म्हणाली.

आता तुम्हीच सांगा. आपल्याकडे नवरीचा चुडा बापाच्या दारात भरतात. कासारणीला घरी बोलावणं जातं, भावकीच्या बायका जमतात. जत्रेत बसून नवरी हात भरत नाही, आणि हिरवा तर कुणीच नाकारत नाही. त्या बाईला हे ठाऊकच नव्हतं.

कासारणीनं पोरीचा हात घट्ट धरला. "आई कुठाय गो?"

"आईला ठाव नाय."

"अवो, गाडी चुकेल आमची!" बाई करवादली.

"चुकू दे. पाटलाला बोलवा रे कोनी!"

पाटील येईपर्यंत बाई गर्दीत गडप.

सगळ्यांनी कासारणीची वाहवा केली. पोर मात्र रडत होती. "मला जायचं व्हतं. घरी काय हाय? नाचणीची पेज, ती पन एक टाइम." कासारीण तिला घरी सोडायला गेली, तर आई म्हणाली, "तुमीच ठेवा." तिनं ठेवली. हात भरायला शिकवलं. दोघी एकमेकींना शिव्या देत बाजार करायच्या.

होळी झाली आणि एका सकाळी पोर घरात नव्हती. वाशिंदला कुणा बाईबरोबर मुंबईच्या गाडीत चढली, असं कळलं. ओढत नेत नव्हतं म्हणे कुणी.

कासारणीनं टोपली बांधली. मी वाशिंदपर्यंत सोडायला गेलो. तिला हसवावं म्हणून विचारलं, "सोबतीला कोण देऊ, वकील का मास्तर?"

"कोन नको. आपनहून गेली का फसवून नेली, ते तिलाच इचारते."

"आणि आपणहून गेली असली तर?"

तिनं टोपली डोक्यावर चढवली. "मग परत येते का, ते इचारीन."

ती अजून आलेली नाही. मुंबईहून कुणी आलं की मी चौकशी करतो. एकानं सांगितलं, तसल्या एका गल्लीत एक म्हातारी कासारीण फिरते खरी. तिच्याबरोबर टोपली उचलायला कुणी पोर असते का, ते मात्र त्यानं पाहिलं नव्हतं.