साडूंचा निळा पैलवान

आमचे थोरले साडू जन्मात कधी कोणासाठी बाजूला सरकलेले नाहीत. टोकावड्याला त्यांच्या शेताच्या बांधावर समोरून म्हैस आली, तर साडू उभे राहतात, म्हैस उभी राहते, आणि शेवटी म्हशीलाच चिखलात उतरावं लागतं. हे मी स्वतः पाहिलं आहे. म्हैस शेजाऱ्यांची होती. पंगतीत वाढपी आडवा आला तर हे दोन पावलं मागे जातील, पण वळसा घालणार नाहीत. मेहुणीबाई म्हणतात, "कपाट सरकवायला सोपं, हे नाय सरकत."

ही सवय त्यांना व्हिडिओ गेमने लावली, की सवयीला जुळणारा गेम त्यांना सापडला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मुरबाडच्या स्टँडमागे त्यांचं गेमचं दुकान होतं. त्यांच्या आवडत्या मारामारीच्या गेममध्ये दोन पैलवान एका रेषेत समोरासमोर असत: पुढे या, मागे जा, उडी मारा, खाली बसा. साडू नेहमी निळा पैलवान घेत आणि भल्याभल्यांना रडवत. मग त्याच गेमचा नवा भाग आला. पैलवान तेच, पण आता ते एकमेकांभोवती फिरायचे, ठोसा आला की बाजूला सरकायचे. समोरच्या दुकानदाराने तो लगेच आणला. साडूंनी नाही. "बाजूला सरकून वार चुकवायचा? ह्याला मारामारी नाय म्हणत पाव्हणे, पळणं म्हणतात!" गिऱ्हाईक समोर गेलं, दुकान बंद झालं, आणि जुनं मशीन टेम्पोतून टोकावड्याच्या पडवीत येऊन बसलं.

त्या मशीनवर त्यांची मुलगी वाढली. बापलेकीचं एरवीचं बोलणं "जेवलीस?" "हो" एवढंच; बाकी सगळं खेळता खेळता. कल्याणला नोकरी लागल्यावरही ती दर रविवारी यायची, ती बापाशी खेळायलाच. यंदा मशीनचा पडदा गेला. पार कल्याणपर्यंत विचारलं, कोणी दुरुस्त करेना. पुढच्या रविवारी ती आली, चहा प्याली, मोबाईल बघत बसली आणि मिळेल त्या जीपने मुरबाडमार्गे कल्याणला परत गेली. साडूंचा मला फोन आला, "पाव्हणे, पोरीशी काय बोलतात हो?" मला दोन मुली आहेत; मी फोन बायकोकडे दिला.

नंतरच्या रविवारी तिने त्या गेमचा अगदी ताजा भाग आणून टीव्हीला जोडला. मी गुण मांडायला बसलो होतो. साडू रेषेतच पुढे-मागे करत राहिले आणि सपाटून हरले.

"बाबा, सरका ना जरा बाजूला!"

"नाय."

"मग खा मार."

साडूंनी रिमोट खाली ठेवला. "तू खेळ. हे आमचं नाय."

ती वायर गुंडाळायला उठली. तेव्हा साडूंनी रिमोट परत उचलला आणि, मी साक्षीला होतो, निळ्या पैलवानाला एक पाऊल बाजूला टाकायला लावलं. पडद्यावरचं सगळं चित्र फिरलं आणि पैलवानाची पाठ दिसली.

"अगो, ह्याच्या पाठीवर वाघ हाय!" साडू ओरडले. "इतकी वर्सं खेळवतोय, मला ठावं नाय!"

"थांबा, माझा पण फिरवते."

मग दोन्ही पैलवान एकमेकांभोवती फिरत राहिले. वेळ संपेपर्यंत कोणी एकही ठोसा मारला नाही. पडद्यावर बरोबरी दाखवली, ती मीच तेवढी पाहिली. तिच्या पैलवानाच्या पाठीवर गोंदलेला मोर आहे की कोंबडा, यावरून बापलेकीचं कडाक्याचं भांडण लागलं होतं, आणि तिला परत न्यायची मुरबाडची शेवटची जीप रस्त्यावर हॉर्न वाजवून वाजवून निघून गेली.