धवलारणीची पोर

धसईतल्या, धसई सोडून कल्याण-ठाण्याला स्थायिक झालेल्या आणि 'येत्या होळीला नक्की येतो' असं सांगून कधीच न आलेल्या सर्व मंडळींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, दहावी पास झालेली एक मुलगी कापडी पिशवी घेऊन घर सोडून निघाली, तेव्हा झाडून सगळा गाव जमला होता. फक्त तो गाव शहापूरकडचा होता आणि जमला होता दुसऱ्याच मुलीच्या हळदीला.

पिशवीवाली मी. माझी आई धवलारीण. नव्या पोरांसाठी सांगते, आपल्याकडे लग्नात धवला गाणारी ही बाई. तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नसे. त्या दिवशी आई मांडवात नवरीपाशी बसून गात होती आणि गाणं मध्येच तोडता येत नाही. निरोप घ्यायला मी तिथेच गेले, खांबाशी उभी राहून पिशवी उंच धरली, कल्याणच्या दिशेने हात केला, डोळे पुसल्याचा अभिनयही केला. अगदी देखणा प्रयोग! आईने गाता गाताच पंगतीकडे बोट केलं. जेवून घे. मी जेवले. बुंदी दोनदा घेतली. मग मिळेल त्या जीपने मुरबाड गाठलं आणि तिथून कल्याण.

तुळशीचं लग्न लागलं की आई जी घराबाहेर पडायची ती पेरणीच्या तोंडावरच सापडायची. बाबा कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर. घरी आले की झोपायचे, उठले की निघायचे. काही विचारलं तर बाबा म्हणायचे, "आयेला इचार." आई म्हणायची, "बापाला इचार गो." दोघं एका वेळी कधी सापडलीच नाहीत, म्हणून मी विचारायचंच सोडलं. भात मी रांधायची, वेणी मी घालायची, प्रगतिपुस्तकावर आईचा अंगठाही मीच उठवायची. अर्ध्या तालुक्याच्या लग्नातली बुंदी शिळी झाल्यावर माझ्या न्याहारीला असे. कोणती नवरी सासूला घाबरते, कुणाच्या पोटात गोळा आलाय, आईला सगळं कळायचं. मी वयात आले तेव्हा मात्र ती कुठल्याशा मांडवात होती. शेजारच्या काकूने मला काय ते सांगितलं.

कल्याणला साडीच्या दुकानात लागले. कॉट बेसिसवर राहिले, नाइट कॉलेज केलं. जिभेवर स्टॉक, डिस्काउंट, टाइम असे शब्द आले. आपल्यातले कल्याणला आलेले सगळे कौतुकाने म्हणायचे, "काय इंडिपेंडंट आहेस गं!" आणि मी कमरेत वाकून नमस्कार घ्यायची. खोटं नव्हतं ते. मला कशाचीच भीती वाटत नाही. पण आजही ताप भरला तर मी आधी डॉक्टरकडे जाते, औषध घेते, पडून राहते आणि उतरल्यावर नवऱ्याला सांगते. तो चिडतो. "मी कशाला आहे मग?" म्हणतो. माणसाला हाक मारायचं एक वय असतं. ते हुकलं की घसा असूनही हाक फुटत नाही.

आमचं लग्न कोर्टात झालं. तारीख सांगायला मी मुद्दाम गावी गेले होते. आईने त्या दिवशी दुसऱ्या लग्नात गायचा नारळ आधीच घेतला होता.

"कोर्टात गातात काय गो?" तिने विचारलं.

"नाही."

"मंग माजं काय काम तिथं?"

ही गोष्ट मी पार्ट्यांत रंगवून सांगते. लोक पोट धरून हसतात. मीही हसते. मात्र मला सबंध आयुष्यात हवं होतं ते एवढंच होतं, की तिने एकदा माझ्यासाठी गावं.

आता लग्नात डीजे असतो. बाबा गेले, धसईच्या घराला कुलूप आहे, आई माझ्याकडे असते. मला यायला उशीर झाला की दारात खुर्ची टाकून बसते. आपली कुणी वाट बघतं ते घर, असं मानलं तर मला घर पन्नाशीला मिळालं. आणि मला त्यात नीट राहताही येत नाही. "आई, आत बस ना, मी येते माझी माझी," असं मी तिच्यावर खेकसते आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवते.

मागच्या महिन्यात आमच्या लग्नाचा वाढदिवस होता. मी ठेवणीतली साडी नेसले, नवऱ्याला बळेच पाटावर बसवलं, आईसमोर हात जोडले. "धवलारीणबाई, आमचं लग्न लावायचं राहिलंय. गा."

"नाटकी मेली," आई म्हणाली. पण पदर सारखा करून ताठ बसली. आवाज फाटका, सूर जिथल्या तिथे. देवांना बोलावून झालं, हळद झाली, नवऱ्याकडची माणसं झाली. माझे डोळे भरून आले, तरी मी पापणीसुद्धा हलवली नाही. मग नवरीच्या आईचं कडवं आलं. त्यात ती म्हणते, या हातांनी तुला न्हाऊ घातलं, या मांडीवर भरवलं, आता परक्याला कशी देऊ? या कडव्याला मांडवच्या मांडव रडताना मी पाहिलेत.

आई थांबली. मला वाटलं, वय झालं, विसरली. मी हळूच पुढचे शब्द सांगितले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं,

"शबूद ठाव हायत गो मला. पन खोटं कसं गाऊ? तुला मी वाढवली कवा?"